विकास आराखडा सुधारतोय: गावाभोवतीचे मळे आणि कॉलन्यांमधले ओपन स्पेस वाचवायला नेमकं काय करायचं?

काठावरचं शिवार

राम राम मंडळी. एक प्रश्न घेऊन आलोय, जाणकारांनी उत्तरं द्यावीत.

आमचं तालुक्याचं गाव, 'क' वर्ग नगरपरिषद. तापी खोऱ्यातली खोल काळी जमीन, हायवेच्या दोन्ही अंगांना केळी आणि कपाशी. सध्या सुधारित विकास आराखड्याचं काम सुरू आहे, जमीनवापराचा सर्व्हे चाललाय. गावाच्या उत्तरेचे विहीर-बागायतीचे सगळे मळे पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवासी विभागात जाणार, अशी बोलवा आहे. खळवाडीत (गावठाणालगतच्या खळ्यांच्या जागेत) तर आत्ताच प्लॉटचे दगड रोवलेत.

दुसरी अडचण जुन्या कॉलन्यांची. पाच-सहा ओपन स्पेसपैकी कुठं पत्र्याचं शेड उभं राहिलंय, कुठं गाड्या लागतात, आणि एका ठिकाणी सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे.

तिसरी गोष्ट, मळ्यांतून जाणारा पावसाचा नाला आणि चारी (शेताला पाणी नेणारा छोटा पाट) नव्या ले-आउटच्या भिंतीनं अडते. पाणी वरच्या वावरात तुंबतं.

विकासाला विरोध नाही. पण चांगली जमीन आणि मोकळी जागा राहिली पाहिजे. कायद्यानं आणि प्रत्यक्ष जागेवर काय करता येतं, कोणत्या टप्प्यावर, कोणते कागद घेऊन? आणि अमेरिकेत म्हणे गावच शेतकऱ्याकडून बांधकामाचा हक्क विकत घेतं. तसं आपल्याकडे जमेल का?

नकाशा आणि नियम

भाऊ, पहिली गोष्ट: ही लढाई बिनशेतीच्या टेबलावर लढू नका. ती झोन ठरताना लढायची असते. अंतिम आराखड्यात जमीन रहिवासी विभागात गेली की वेगळ्या बिनशेती परवानगीची गरजच उरत नाही, ठरलेली रक्कम भरली की काम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यालाही अशीच सवलत मिळत आली आहे. खळवाड्या सगळ्यात आधी का जातात त्याचं कारण हेच. तलाठ्याकडे किंवा तहसीलला 'बिनशेती देऊ नका' असे अर्ज करण्यात वर्षं जातात आणि तोवर नकाशा मंजूर झालेला असतो.

तुम्ही आत्ता सर्व्हेच्या टप्प्यावर आहात, हे फार चांगलं. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, १९६६ च्या कलम २५ खाली अस्तित्वातील जमीनवापराचा नकाशा होतो. तिथंच पहिली चूक होते. उन्हाळ्यात सर्व्हे झाला की नांगरून ठेवलेलं वावर 'पडीक' किंवा 'रिकामी जागा' म्हणून रंगतं आणि पुढे रहिवासी विभाग तिथंच सरकतो. म्हणून प्रत्येक गटाचा तीन वर्षांचा सातबारा काढा. त्यात गाव नमुना बाराची पीकपाहणी नोंदलेली असली पाहिजे. विहिरीची नोंद आहे का पाहा. नसेल तर आत्ताच फेरफार घाला. ई-पीक पाहणी करायची राहून गेलेल्या शेतकऱ्यांचा पुरावा सुनावणीत लंगडा पडतो. हे सगळं नगररचनाकारांकडे आत्ताच लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या.

पुढे कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल. सूचना राजपत्रात, भाग एक, नाशिक विभागीय पुरवणीत येते आणि स्थानिक पेपरात छापली जाते. हरकतीची मुदत त्या सूचनेतच असते, साधारण ३० दिवस. हे ३० दिवस फार लवकर संपतात. पहिले आठ दिवस नकाशा मिळवण्यात, पुढचे दहा तो समजण्यात जातात. त्यामुळे कागद आधीच तयार ठेवायचे.

हरकत कशी लिहायची? 'शेती वाचवा' एवढ्यावर काही होत नाही. एका गटाला एक हरकत. गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, नकाशाच्या कोणत्या शीटवर, सध्या काय दाखवलंय, काय दाखवायला हवं आणि का. सोबत सातबारा, लाभक्षेत्रात (कालव्याच्या ओलिताखाली) असाल तर पाटबंधाऱ्याचा दाखला, आणि नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेननं केलेली खूण. पन्नास जणांच्या सह्यांचा एकच अर्ज देऊ नका, तो एकच हरकत म्हणून मोजला जातो. पन्नास अर्ज द्या आणि प्रत्येकात 'समक्ष सुनावणी हवी' हे वाक्य टाका. सुनावणी कलम २८ च्या नियोजन समितीपुढे होते: नगरपरिषदेच्या बाजूचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. बोलायला मोजकीच मिनिटं मिळतात, म्हणून आकड्यानं सुरुवात करा.

तो आकडा कोणता, हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण इथं बहुतेक गावं कमी पडतात. आराखडा वीस वर्षांच्या लोकसंख्येसाठी असतो. समजा, वीस वर्षांत १५,००० माणसं वाढणार असा अंदाज आराखड्याच्या अहवालात दिलाय. रस्ते-बागांसकट हेक्टरी १०० माणसं धरली तर नवी जमीन लागते १५० हेक्टर. आता गावातल्या मंजूर ले-आउटमधले रिकामे प्लॉट मोजा. ३,००० निघाले आणि घरटी साडेचार माणसं धरली, तर तिथंच १३,५०० माणसं मावतात. त्यातले निम्मेच भरतील असं समितीच्या बाजूनं धरा: ६,७५०. मग उरली ८,२५० माणसं, म्हणजे ८२ ते ८३ हेक्टर. एका हिशोबानं ६५ हेक्टरपेक्षा जास्त जमीन हिरव्या रंगात, म्हणजे शेती विभागात ठेवायचं कारण तुम्ही दिलंत. भावनेला समिती मान डोलावते, हिशोबाला तिला उत्तर द्यावं लागतं. आणि नुसतं 'आमचे मळे वगळा' म्हणू नका, 'त्याऐवजी इकडे घ्या' असंही दाखवा. बहुतेक गावांना एका बाजूला मुरमाड, हलकी, बरड जमीन असते. गावं पांढरीवर बसली आणि काळी पिकाला राहिली, ही वाटणी जुन्या लोकांनी उगाच केलेली नव्हती.

एक मोठी चूक टाळा. उत्साहाच्या भरात लोक प्रत्येक मळ्यावर 'उद्यान' किंवा 'खेळाचं मैदान' असं आरक्षण मागतात. ते उलटं पडतं. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेनं ती जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना ('जमीन विकत घ्या' अशी नोटीस) देतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तिलाही मिळतो. 'क' वर्ग नगरपरिषदेकडे एवढा पैसा नसतो. दहा-बारा वर्षं शेतकरीही लटकतो, त्याला धड विकताही येत नाही. शेती विभागाला संपादन लागत नाही, म्हणून तो व्यपगतही होत नाही. आरक्षणं सरकारी जागेवर, गुरचरणावर नव्हे पण नगरपरिषदेच्या स्वतःच्या भूखंडांवर, आणि नाल्याच्या काठानं मागा. नदीकाठाला निळी पूररेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषा (१०० वर्षांतून एकदा) नकाशावर उतरवून घ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम चालत नाही, त्यामुळे तो पट्टा एक पैसाही न देता मोकळा राहतो.

मंजुरीनंतरही डोळा ठेवावा लागतो. शासन काही भाग 'ईपी' (एक्सक्लुडेड पार्ट, वगळलेला भाग) म्हणून वेगळा काढून पुन्हा हरकती मागवतं. आणि नंतर कलम ३७ खाली एकेक गटाचा झोन बदलतो. तीही सूचना राजपत्रात येते आणि तिलाही महिन्याची मुदत असते. दर महिन्याला राजपत्र पाहणारा एक माणूस गावानं ठरवून टाकावा.

राखणदार

ओपन स्पेसबद्दल लिहितो.

आधी कागद. नगरपरिषदेकडून माहिती अधिकारात (१० रुपये फी, ३० दिवस) तीन गोष्टी मागा: तात्पुरत्या मंजुरीचं रेखांकन (ले-आउटचा नकाशा), अंतिम मंजुरीचं रेखांकन आणि बिनशेती आदेश, तिन्ही प्रमाणित प्रतींत. दोन्ही रेखांकनं शेजारी ठेवून बघा. तात्पुरत्यात ओपन स्पेस मधोमध आणि अंतिममध्ये नाल्याकडेच्या तिरक्या तुकड्यात, असं पुष्कळदा दिसतं. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. २ हेक्टरच्या ले-आउटला २,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २० गुंठे. रस्त्याचं किंवा नाल्याचं क्षेत्र त्यात धरून भरती केलीय का ते मोजा.

सातबारा मूळ मालकाच्या नावावर असणं हा खरा धोका आहे, कारण नाव आहे तोवर दस्त होऊ शकतो. पण घाबरू नका. मंजूर रेखांकनातली मोकळी जागा मालक विश्वस्त म्हणून धरतो, तिचा वापर बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं चेत राम वशिष्ठ प्रकरणात (१९९५) सांगितलंय. त्याआधी १९९१ मध्ये बंगळूरच्या प्रकरणात उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला देणं रद्द केलं होतं. ही दोन नावं अर्जात लिहा. अर्ज तलाठी आणि मुख्याधिकारी दोघांना: ओपन स्पेस आणि रस्त्यांचे सातबारे वेगळे करावेत आणि इतर हक्कात 'मंजूर रेखांकनातील खुली जागा, हस्तांतरणास व वापर बदलास प्रतिबंध' अशी नोंद घ्यावी.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय कुंपणाला हात लावू नका. चुकीच्या हद्दीवर घातलेलं कुंपण शेजारच्या प्लॉटवाल्यालाच दाव्याचं कारण देतं. मोजणीच्या दिवशी सगळे लगतधारक हजर ठेवा, आणि दगड रोवले की त्याच दिवशी फोटो काढून पंचनाम्यावर सह्या घ्या.

कुंपण करताना काळ्या मातीची खोड लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. उथळ पायावरची विटांची भिंत दोन-तीन वर्षांत कलते आणि एकदा पडली की तिथून रस्ता होतो. त्यापेक्षा जाळीचं कुंपण घाला. लोखंडी अँगल सात फुटी, त्यातले दोन फूट जमिनीत, दर अडीच मीटरला एक. खड्डा एक फूट बाय एक फूट, अडीच फूट खोल, तळाला अर्धा फूट मुरूम ठोकून वर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. कोपऱ्याच्या आणि दर दहाव्या अँगलला तिरका टेकू द्या, नाहीतर जाळी ताणली की अँगल आत झुकतात. माणसांसाठी दोन फुटांची वळणाची वाट ठेवा. मोठं फाटक ठेवलं की गाड्या आत येतात.

झाडं कडेनं लावा, मधली जागा पोरांना मोकळी ठेवा. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ. कुंपणापासून दोन मीटर आत, एकमेकांत पाच ते सहा मीटर. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात घेऊन तापू द्या आणि रोपं चांगला ओला पाऊस झाल्यावरच लावा. पहिल्या सरीवर लावलेली रोपं जूनच्या उघडिपीत जातात. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पहिले दोन उन्हाळे झाडाला आठवड्याला १५ ते २० लिटर पाणी हवंच. बुडाशी केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन घाला, ते फुकट मिळतं.

काठावरचं शिवार

फार उपयोगाचं. नाल्याचं आणि चारीचं कोणी सांगेल का? आणि गुरचरणावर आरक्षण नको, असं वर का म्हटलंय?

पाट, चारी, सारंग

गुरचरणाचं आधी, थोडक्यात. ती जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली ठरावीक कामासाठी राखलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर (२८ जानेवारी २०११) राज्यानं १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढून गायरानं दुसऱ्या कामांना देण्यावर कडक बंधन घातलं. ती आहे तशी राहणं हेच तिचं संरक्षण. उद्यान म्हणून रंगवलीत की पुढे दुसऱ्या कामासाठी रंग बदलायला वाट मिळते.

आता पाणी. एक मळा प्लॉटिंगला गेला की नुकसान त्या मळ्यापुरतं राहत नाही. साक्री तालुक्यात पांझरेवरच्या फड पद्धतीकडे बघा. बंधाऱ्याखालचं थळ (सगळं भिजणारं क्षेत्र), थळाचे फड (त्याचे मोठे तुकडे), पाटातून चारी, चारीतून सारंग (वावरात पाणी नेणारी छोटी चारी), आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी पाणी देतो. मधल्या एका वावरावर भिंत आली की सारंग तुटतो आणि शेपटाकडच्या सगळ्यांचं ओलीत बंद पडतं. मग ते म्हणतात, आता ठेवून काय करायचं, विकून टाका. शिवार असं एका तुटलेल्या चारीनं विकलं जातं. म्हणून आराखड्याच्या हरकतीत चाऱ्या आणि नाले नकाशावर रेषेनं काढून द्या. रेषा नसेल तर ले-आउट मंजूर करणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. पाणी वापर संस्था असेल तर तिच्या लेटरहेडवर द्या, २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं तिला अधिकृत स्थान आहे.

तुंबणाऱ्या पाण्याचा हिशोब असा. वरून १० हेक्टर वावराचं पाणी येतंय. ओल्या काळ्या जमिनीवरून पावसाचं निम्मं पाणी वाहून जातं असं धरा आणि तासाला ६० मिलिमीटरची सर घ्या. ०.५ × ६० × १० ÷ ३६० = सेकंदाला सुमारे ०.८३ घनमीटर (३६० नं भागायचं ते एककं जुळवायला). प्लॉटवाले रस्त्याखाली सहसा ३०० मिलिमीटरचा एक ह्यूम (सिमेंटचा) पाइप टाकतात. २०० ला १ उतारावर तो भरून वाहिला तरी सेकंदाला ०.०७ घनमीटरच नेतो, आलेल्या पाण्याचा बारावा हिस्सा. उरलेलं पाणी वरच्या केळीत उभं राहतं आणि दोन-तीन दिवसांत मुळं कुजायला लागतात. त्याच उतारावर ६०० मिलिमीटरचे दोन पाइप मिळून ०.८७ नेतात, जेमतेम पुरतात. ९०० चा एक १.२८ नेतो, म्हणून तोच मागा, कारण गाळानं काही क्षमता पहिल्याच पावसाळ्यात जाते. पाइपचा तळ नाल्याच्या तळाशी जुळला पाहिजे. एक फूट वर बसवला तर तेवढं पाणी कायम तुंबून राहतं. वरच्या तोंडाला गाळाचा खड्डा आणि जाळी हवी. रस्ता डांबरी होण्याआधीच हे करून घ्या, नंतर कोणी खोदू देत नाही.

भिंत आधीच झाली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा. नैसर्गिक वाहतं पाणी अडवलं किंवा वहिवाटीचा शेतरस्ता बंद केला, दोन्हींला चालतो. अट एकच आणि ती कडक: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक पहिला पावसाळा भांडणात, दुसरा समजुतीत घालवतात आणि मुदत निघून जाते. पाणी साचलेल्या दिवसाचे तारखेसह फोटो, शेजाऱ्यांचे जबाब आणि टिपणाची किंवा गटनकाशाची प्रत लावा. नवीन वाट हवी असेल तर तो वेगळा अर्ज आहे, संहितेचं कलम १४३.

दूरचा वाचक

अमेरिकेचं विचारलंत. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीनं १९७४ मध्ये शेतजमिनीचे विकासहक्क विकत घ्यायचा कार्यक्रम सुरू केला, मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९७७ मध्ये. शेतकरी मालक राहतो, कसतो, विकतोही. पण त्या जमिनीवर पुढे कधीच प्लॉट पडत नाहीत. बाजारभाव वजा शेतीभाव एवढी रक्कम त्याला मिळते. मॅसॅच्युसेट्समध्ये २००० च्या कायद्यानं गावकरी मतदान करून मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावून घेऊ शकतात, राज्य त्यात भर घालतं, आणि त्यातले किमान १० टक्के मोकळ्या जागांसाठी ठेवावे लागतात.

इथं दोन गोष्टी आडव्या येतात. पैसा: हायवेलगत एकरी ८० लाख भाव आणि शेती म्हणून ३० लाख धरला, तर फरक ५० लाख, १०० एकरांना ५० कोटी. आणि कायदा: असा कायमचा निर्बंध जमिनीसोबत पुढच्या मालकावर चालत राहावा यासाठी आपल्याकडे वेगळी तरतूद नाही. 'ट्रस्ट काढून जमीन विकत घेऊ' म्हणाल तर कुळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यातून घ्यायचं ते मतदान आणि ठराविक हिस्सा बाजूला ठेवण्याची सवय. नगरपरिषदेच्या बजेटात 'खुल्या जागा मोजणी व कुंपण' असं वेगळं लेखाशीर्ष सर्वसाधारण सभेच्या ठरावानं उघडून घ्या. एका वर्षी दोन ओपन स्पेस एवढंही पुरेसं आहे.

माळ, झाडी, पाणवठा अशी जागा असेल तर जैवविविधता कायद्याखालचं वारसा स्थळ हाही मार्ग आहे. जळगावजवळच्या लांडोरखोरीला तो दर्जा आहे.

बाजारचा दिवस

वरचं सगळं बरोबर, पण वावरात पैसा उरला नाही तर शेतकरी स्वतःच झोन बदलायचा अर्ज करेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. गाव त्याच्यासाठी काय करतं? आठवडे बाजारात उत्पादकांना वेगळे ओटे द्या, सातबारा दाखवील त्याला, सकाळी नऊपर्यंत. भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्याचा फलक त्या ओट्यांवर लावा. शहराच्या ओल्या कचऱ्याचं खत जवळच्या मळ्यांना द्या, पण तपासणी करून: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत आणि क्षारता (ईसी) ४ च्या आत. आपल्या काळ्या जमिनीत क्षार आधीच साठतात. काचा-प्लास्टिक आणि क्षार असलेलं खत एकदा गेलं की तो शेतकरी पुन्हा घेत नाही.

काठावरचं शिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारे गोळा करायला उद्यापासून लागतो. एकच राहिलं: रिकामे प्लॉट मोजायचे कसे? दारोदार फिरायचं म्हटलं तर महिने जातील.

नकाशा आणि नियम

फिरू नका. नगरपरिषदेच्या मालमत्ता कर आकारणी नोंदवहीत खुल्या भूखंडांची आकारणी वेगळी असते. प्रभागवार यादी माहिती अधिकारात मागा. मंजूर ले-आउटमधल्या एकूण प्लॉटमधून घरपट्टी लागलेले वजा केले की दुसरा आकडा मिळतो. दोन्हींत फरक येईलच, कारण बरेच प्लॉट आकारणीत चढलेलेच नसतात. जो आकडा लहान असेल तो हरकतीत वापरा. मग पडताळणीसाठी फक्त दोन कॉलन्या पायी मोजा आणि ती यादी प्लॉट क्रमांकांसह जोडा.